मागून ठोकलेली जुनी गाडी: लांबी (पुट्टी) काढून पत्रा मुळापासून सरळ करावा, की आहे तसं राहू द्यावं?

जुनीचाकं

मंडळी, १९६४ ची चार दारांची सलून सध्या उघडून ठेवली आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा सुट्या भागांकडे वळते, आणि माझा प्रश्न कुठल्याही जुन्या मोनोकॉक गाडीला लागू आहे. वेगळी चॅसी नाही, मागे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आहेत, पेट्रोलची टाकी डिक्कीच्या तळाखाली.

उजव्या मागच्या मडगार्डला चुंबक चिकटेना. दिव्याच्या वर छिन्नीचं टोक हलकेच घातलं तर पंजाएवढी लांबीची खपली एका तुकड्यात हातात आली. सगळ्यात जाड जागी १४ मिमी! खपलीच्या मागच्या बाजूला ओळीने बारीक खुंट्या होत्या. म्हणजे कोणीतरी पत्र्याला भोकं पाडून स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने पत्रा ओढायचं हत्यार) जमेल तेवढा ओढला, भोकं तशीच ठेवली आणि वरून लांबी थापली. लांबी त्या भोकांतून आत उतरली आणि डिक्कीच्या बाजूला तिच्या गाठी झाल्या. प्रत्येक गाठीभोवती गंजाचं कडं आहे.

मग बाकीचंही तपासलं. डिक्कीच्या तळाला आडवी घडी पडली आहे आणि ती झाकायला वर डांबर फासलंय. उजव्या मागच्या दाराची फट वर अरुंद, खाली रुंद. सी-पिलर (मागच्या दारामागचा छताचा खांब) छताला मिळतो तिथे रंगाखाली हलकी सुरकुती दिसते. एका जागी रंग गोल घासून थर पाहिले: मूळ निळा, त्यावर पांढरा, त्यावर मरून. लांबी निळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये सापडली. म्हणजे धडक फार जुनी, पहिल्या रंगकामाच्याही आधीची.

गाडी चालते छान. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. फक्त मडगार्ड नीट करून, भोकं बुजवून, रंगवून मोकळं व्हायचं. किंवा मागचा सगळा सांगाडा ओढून मूळ जागी आणायचा. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, इतक्या जुन्या माराला हात घालावा का?

चिमणीदिवा

वाचतेय. खपलीच्या मागच्या खुंट्यांचा फोटो नक्की टाका.

पत्राकार

हात घालाच, पण हातोडीआधी टेप हातात घ्या.

मागून बसलेला मार मडगार्डात थांबत नाही. तो मागच्या रेलमधून (तळाखालच्या लांब पोकळ आधारातून) पुढे सरकतो. ॲक्सलवरून जायला रेल जिथे वर वळलेली असते ती जागा सगळ्यात आधी वाकते, तिथून डिक्कीच्या तळाला घडी पडते, आणि उरलेला जोर सी-पिलरमधून छतापर्यंत पोचतो. तुम्ही दिलेल्या तिन्ही खुणा याच वाटेवरच्या आहेत. दाराची फट वर अरुंद झाली याचा अर्थ मागचा भाग नुसता पुढे आलेला नाही, शेपटाकडून उचललाही गेलाय. शेपूट वर गेलं की मडगार्डचा वरचा भाग पुढे कलतो.

आता मापं घ्या:

गाडी चार स्टँडवर लेव्हलमध्ये उभी करा. खाली जमीन सपाट हवी. पाट्यांचे बोल्ट, सस्पेन्शनची भोकं, रेलमधली कारखान्याची गोल भोकं अशा जोडीच्या जागांवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खुणा करा. गाडी ढकलून बाजूला घ्या. आता जमिनीवर तुमच्या गाडीचा नकाशा उरतो. मधली रेघ मारा आणि कर्ण मोजा. डावा-उजवा कर्ण सारखा आला तर तेवढा चौकोन सरळ. जिथून फरक सुरू होतो तिथून मार सुरू होतो.

डिक्कीचं तोंड आणि मागच्या काचेची चौकट यांचेही कर्ण घ्या. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये सांगाड्याची मापं असतील तर उत्तम, नसतील तर डावी बाजू तुमचं मॅन्युअल.

ही मापं येईपर्यंत कशालाच हात लावू नका. मडगार्ड आधी सुंदर केलं आणि मग रेल ओढली, तर ते मडगार्ड परत चुरगळणार.

संथगती

मला उलट वाटतं. गाडी चालते, दारं लागतात, आणि इतकी वर्षं ती अशीच चालली आहे. मग ओढाताण कशासाठी? जुना पत्रा, जुने स्पॉट वेल्ड, आतून किती गंजलेत कोणास ठाऊक. साखळी लावून टनावारी जोर दिलात तर वाकडं ते सरळ होण्याआधी गंजलेलं ते फाटेल.

शिवाय जुनी दुरुस्ती हासुद्धा गाडीचा इतिहास आहे. फिवाच्या (जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या) तुरीन चार्टरचा रोख हाच आहे: जपणूक आधी, पुनर्बांधणी नंतर, आणि जे काही कराल त्याची नोंद ठेवा. कारखान्यातून निघालेला जेवढा पत्रा शिल्लक आहे तेवढा वाचवा. लांबी काढा, भोकं बुजवा, गंज थांबवा. त्यापुढे जाऊ नका.

डॉलीवाला

संथगती, गंजाबद्दल पूर्ण सहमत. जपणुकीबद्दल नाही. १४ मिमी लांबी ही जपण्याची गोष्ट नव्हे. भरून घासल्यावर लांबी २-३ मिमीपेक्षा जास्त उरली तर खालचं पत्र्याचं काम अर्धवट आहे असंच मी समजतो. आणि इथे तर मागून भोकं उघडी होती. लांबी ओल शोषते, म्हणजे साठ वर्षं तो पत्रा ओल्या फडक्याखाली राहिला असं समजा.

मुळात हा पत्रा वाचण्यासारखा असतो. त्या काळचा साधा मऊ पोलाद, ०.९ मिमीच्या आसपास जाडी. आजच्या गाड्यांचं उच्चताणाचं पोलाद तापवलं की ताकद घालवतं, तसं याचं नाही. हा तापतो, ठोकून घेतो आणि परत जागेवर येतो. इतका समजूतदार धातू हातात असताना त्यावर लांबी थापणं मला तरी बघवत नाही.

तिसरा_गिअर

ओळंबा, लेव्हल, जमिनीवर रेघा... आमच्या शेजाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर विचारलं असतं, गाडी दुरुस्त करताय की मजला चढवताय? :-)

पण पत्राकार, प्रतिसाद जबरदस्त. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जुनीचाकं

सगळ्यांचे आभार. मापं घेतली.

पुढच्या सस्पेन्शनपासून पाट्यांच्या पुढच्या डोळ्यापर्यंत (पाटा बोल्टने बसतो ते भोक) कर्ण सारखे. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर) सारखा. पुढच्या डोळ्यापासून रेलच्या मागच्या टोकापर्यंत उजवी बाजू ९ मिमी आखूड. उजव्या रेलचं टोक डाव्यापेक्षा ७ मिमी उंच. डिक्कीच्या तोंडाच्या कर्णांत ११ मिमीचा फरक, काचेच्या चौकटीत ४.

आणि एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. पाट्याच्या मागच्या टोकाची शॅकल (पाट्याला रेलशी जोडणारा झुलता दुवा) डावीकडे जवळजवळ उभी आहे, उजवीकडे पुढे झुकलेली.

पत्राकार

ही मापं म्हणजे चांगली बातमी आहे. ॲक्सलची जागा पाट्याचा पुढचा डोळा ठरवतो. तो हललेला नाही, म्हणून व्हीलबेस शाबूत, म्हणून गाडी छान चालते. तो सरकला असता तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली असती. खात्री करायची असेल तर चारही टायर ओले करून कोरड्या फरशीवरून सरळ पुढे घ्या आणि ठसे बघा. मागचा ठसा पुढच्यावर तंतोतंत पडायलाच हवा असं नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं. पण जो फरक दिसेल तो डावी-उजवीकडे सारखा हवा.

शॅकल झुकली कारण तिचा वरचा टेकू रेलबरोबर पुढे आला. रेल मागे गेली की ती आपोआप उभी राहील. मी तुमच्या जागी असतो तर काम झाल्याची पहिली खूण तीच धरली असती, दाराची फट नव्हे.

आता ओढण्याचा क्रम. जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. मार मागून पुढे गेला, तर छताजवळची सुरकुती सगळ्यात शेवटी पडली. म्हणून ओढताना एकच साखळी पुरत नाही. रेलच्या टोकाला क्लॅम्प लावून मागे आणि खाली ओढ द्या, त्याच वेळी दाराच्या चौकटीत आतून छोटा हायड्रॉलिक रॅम लावून सी-पिलर मागे रेटा. गाडी दोन्ही सिलच्या (दारांखालच्या पट्ट्यांच्या) कडेला घट्ट पकडून ठेवा, नाहीतर पत्रा सरळ व्हायच्या ऐवजी गाडीच सरकेल.

ताण द्या आणि थांबा. ताण असतानाच डिक्कीच्या तळाच्या घडीवर लाकडी ठोकळा ठेवून ठोका. घडीत अडकलेला ताण असाच सुटतो. मग साखळी सैल करा, माप घ्या, परत ओढा. धातू थोडा परत येतोच, तेव्हा मापापेक्षा किंचित पुढे ओढावं लागतं. एका झटक्यात ९ मिमी आणायला जाऊ नका.

साखळीवर जाड गोधडी टाका आणि तिच्या रेषेत कोणीही उभं राहू नका. मागची काच आधीच काढून ठेवा.

रंगरेषा

काचेबद्दल +१. मागच्या काचा टफन्ड असतात. चौकट हलली की तडा जात नाही, सगळी काच एकदम दाण्यांचा ढीग होऊन खाली येते.

हळदवाला_मेकॅनिक

कोणीच कसं लिहिलं नाही? पेट्रोलची टाकी उतरवा. ओढण्याआधी, घासण्याआधी, वेल्डिंगच्या तर कितीतरी आधी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण पेटते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी कामाच्या जागेपासून लांब, दुसऱ्या खोलीत. पेट्रोलच्या नळीचं तोंड बंद करा. बॅटरीही सोडा.

आणि ते डांबर! तळाखालून वेल्ड करताना वरचं डांबर पेटतं आणि आपल्याला दिसत नाही. वेल्डिंगच्या जागेभोवती ते खरवडून काढा, विझवण्याचं साधन हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर लगेच शटर ओढून निघून जाऊ नका. तासभर तरी तिथे थांबा.

अठ्ठावन्नचं_मॉडेल

अवांतर: मोटारीचे पुढचे-मागचे भाग मुद्दाम चुरगळू द्यायचे आणि मधली केबिन ताठ ठेवायची, ही कल्पना बेला बॅरेनी यांची. पेटंटसाठी अर्ज १९५१ चा, आणि ती पहिल्यांदा गाडीत उतरली १९५९ च्या मर्सिडीज डब्ल्यू १११ मध्ये. त्या काळातल्या इतर बहुतेक गाड्यांत असं काही आखलेलं नव्हतं, म्हणून मार कुठवर जाईल याचा नेम नसे. जुनीचाकं यांच्या गाडीत छतापर्यंत गेला तो त्यामुळेच असावा.

माझी मॉरिस मायनर आहे. मागची मडगार्डं बोल्टवर, मध्ये पट्टी. बीटलचंही तसंच. मडगार्ड चेपलं तर बोल्ट सोडा, बाकावर घ्या, निवांत ठोका. या आखणीला मी रोज सलाम करतो.

डॉलीवाला

मायनरवाल्यांचा हेवा वाटतो. पण बोल्टचं मडगार्ड फसवतंही. ते नवं लावलं की बाहेरून सगळं छान दिसतं, आणि मागचा आतला पत्रा वाकडाच राहतो. बोल्टची भोकं लंबगोल घासलेली दिसली तर समजा कोणीतरी वाकड्या सांगाड्यावर सरळ मडगार्ड बसवलंय.

नवाकोराभाग

एवढी मेहनत कशाला? उजवं मडगार्ड चिरून काढा, दुसऱ्या गाडीचं कापून लावा. भोकं, गंज, लांबी, सगळं एकदम जाईल. मोकळं झालं की रेल ओढायलाही जागा मिळेल.

पत्राकार

नवाकोराभाग, कापायचं असेल तर ओढून झाल्यावर. आधी कधीच नाही. मडगार्ड, तळ, रेल एकमेकांना जोडलेले असतात तोवर एक ओढला की बाकीचे मागोमाग येतात. मडगार्ड कापून काढलंत की उरलेल्या भागाला परत कुठे जायचं हे सांगणारं काही राहत नाही. मग तुम्ही नवं मडगार्ड वाकड्या जागी अगदी नेटकं वेल्ड करता.

संथगती

यावर मी पत्राकारांच्या बाजूने. आणि पूर्ण मडगार्ड बदलायला माझा विरोध कायम आहे. भोकांचा आणि गंजलेला पट्टा तेवढा कापा, तेवढाच तुकडा बनवून लावा. कापलेला मूळ तुकडा आणि ती लांबीची खपली फेकू नका, मापांच्या कागदाबरोबर ठेवा. पुढच्या मालकाला कळायला हवं की इथे काय झालं होतं आणि काय केलं.

जुनीचाकं

संथगती, हे नक्की करणार. फोटोंची फाइल सुरू केली आहे.

काम पुढे सरकलंय. टाकी, काच, डांबर काढून पत्राकारांनी सांगितलं तसं दोन ठिकाणांहून ओढलं. घाई केली नाही. तळाची घडी ताणाखाली ठोकताना एकदा 'टण्' असा मोठा आवाज आला आणि दाराची फट डोळ्यांदेखत उघडली. त्या क्षणाचा आनंद लिहून सांगता येणार नाही. आता डिक्कीच्या कर्णांत २ मिमीचा फरक, काचेच्या चौकटीत १. शॅकल डावीसारखी उभी. सुरकुतीच्या जागी छत हाताला जवळपास सपाट लागतं.

आता मडगार्ड. भोकांचा पट्टा कापून तुकडा लावायचाय. मिग (तार यंत्रातून आपोआप येणारं वेल्डिंग) की टिग (तार हाताने द्यायची ते)? आणि दिव्याच्या वरचा पत्रा ताणला गेलाय, अंगठ्याने दाबला की टक् करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. आणि मूळ सांधे शिशाने भरलेले आहेत, त्याचं काय करू?

गॅसवेल्डर

तुकडा कडेला कड लावून बसवा, एकावर एक चढवू नका. चढवलेल्या सांध्यात ओल अडकते आणि गंज परत तिथूनच सुरू होतो.

मिग सोपं, पण त्याचा टाका कडक होतो, हातोडीला दाद देत नाही. टिग किंवा गॅसचा सांधा मऊ राहतो. वेल्डिंगनंतर सांधा आकसून पत्रा ओढला जातो, तेव्हा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे मागून धरायचा पोलादी ठोकळा) सांधा ठोकून परत पसरवता येतो. मिगच हाताशी असेल तर ०.६ मिमीची तार घ्या, एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्या. सलग रेघ ओढलीत तर पत्र्याच्या लाटा होतील.

शिशाच्या सांध्याजवळ वेल्ड करायचं असेल तर शिसं आधी पूर्ण वितळवून, पुसून काढा. थोडंही राहिलं तरी वेल्ड सच्छिद्र होतो.

डॉलीवाला

टक् करणारा पत्रा म्हणजे ताणून जास्त झालेला पत्रा. तो ठोकून बसत नाही. उलट डॉलीवर ठेवून जितका ठोकाल तितका आणखी पसरेल. त्याला आकसवावं लागतं.

फुगवट्याचा सगळ्यात उंच बिंदू शोधा. गॅसच्या बारीक ज्योतीने तिथे छोटा नाणंभर ठिपका लाल करा. तापलेला भाग फुगायला बघतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जाड होऊन वर येतो. मागे डॉली धरा, ठिपक्याच्या भोवती हलके ठोके द्या, लाली गेली की मधोमध एक-दोन. मग ओलं फडकं. प्रत्येक ठिपक्यानंतर थांबून अंगठ्याने तपासा. जास्त आकसला तर पत्रा उलट बाजूने ताणेल. टक् थांबलं की तुम्हीही थांबा.

आणि डोळ्यांवर विसंबू नका. हातात सुती मोजा घालून तळवा लांबवर फिरवा. मोज्यामुळे बोटं अडकत नाहीत आणि पत्र्यातली लाट जास्त स्पष्ट कळते.

रंगरेषा

शिशाबद्दल. सांधे मूळचे शिशाचे असतील तर परत शिसंच भरा, मला ते मनापासून आवडतं. ३० टक्के कथील, ७० टक्के शिसं हे मिश्रण १८३ अंशांना मऊ पडायला लागतं आणि साधारण २५५ अंशांपर्यंत लोण्यासारखं राहतं. हा जो मधला टप्पा आहे त्यातच ते उभ्या पत्र्यावर लाकडी थापीने फिरवता येतं. आधी पत्र्याला कथलाचा हात द्यायचा, थापीला मेण लावायचं. कथील धरावं म्हणून लावायचा फ्लक्स आम्लयुक्त असतो. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर काही महिन्यांनी रंगाला फोड येतील.

शिसं फक्त कानसीने उतरवा. मशीनने किंवा कागदाने घासू नका. ती धूळ विषारी आहे, मास्क लावा, कीस झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

बाकी भागावर पातळ लांबी लावण्यात काही कमीपणा नाही. उघड्या, खरखरीत केलेल्या धातूवर किंवा इपॉक्सी प्रायमरवर, मिलिमीटरभर. लांब पट्टीला कागद लावून तिरपं घासा. मध्ये काळ्या पावडरीचा हलका हात द्या, म्हणजे खळगे स्वतःच दिसतात.

टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग मारणार असाल तर साधा मास्क चालत नाही. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं लावून जातात. बाहेरून हवा येणारा मास्क हवा.

चिमणीदिवा

मोज्याची युक्ती माझ्या जुन्या स्कूटरच्या पत्र्यावर करून पाहिली. खरंच लाट जाणवते! डॉलीवाला, धन्यवाद.

नवाकोराभाग

दाराची फट उघडल्याचं वाचून मत बदललं. आधी ओढणंच बरोबर.

हळदवाला_मेकॅनिक

एक गोष्ट राहतेय. घडी उघडली त्या तळाच्या दोन्ही बाजूंचे स्पॉट वेल्ड एकेक करून बघा. बारीक पटाशी दोन पत्र्यांच्या मध्ये घालून हलकं उचला. ओढताना काही सुटले असतील. सुटलेल्या जागी वरच्या पत्र्याला ८ मिमीचं भोक पाडा, दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळा आणि भोक वेल्डने भरा. मध्ये जस्ताचं प्रायमर असू द्या, पण भोकाच्या आतला धातू स्वच्छ ठेवा. जस्ताचा धूर छातीत जाऊ देऊ नका.

सीम सीलर (सांधे बुजवायचा मसाला) दोन्ही बाजूंनी. रंग पूर्ण वाळल्यावर रेलच्या आत आणि मडगार्डच्या पोकळीत मेण फवारा. फवारण्याआधी तळाची पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करून घ्या, आणि फवारल्यावर परत एकदा. मेणानेच ती बुजतात.

जुनीचाकं

पटाशीने तपासले. उजव्या चाकाच्या कमानीजवळचे चार सुटलेत. उद्या तिथून सुरुवात, मग मडगार्डचा तुकडा. फोटो टाकतो.